सहाच्या खालची ओळ: जुन्या घड्याळाची डायल ओरिजिनल आहे का ते कसं बघायचं

जुनं घड्याळ हातात आलं की आपण सगळे आधी नाव बघतो, ओमेगा आहे का टिसो आहे का फेवर ल्युबा, मग कानाला लावून टिकटिक ऐकतो, मग मागचं झाकण. माझं ऐकाल तर सगळ्यात आधी सहाच्या आकड्याखाली, डायलच्या अगदी काठावर बघा. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत ते घड्याळ कुठल्या देशाचं ते लिहिलेलं असतं. स्विस, स्विस मेड, टी स्विस टी, जपान आणि पुढे नंबर, रशियन अक्षरांत काहीतरी. ही डायलवरची सगळ्यात बारीक ओळ, आणि ज्याने डायल नंतर रंगवली त्याचं सगळ्यात कमी लक्ष इथेच असतं. वरचं नाव गिऱ्हाईक बघणार म्हणून ते जीव लावून काढतात, खालची ओळ मात्र कधी विसरतात, कधी वाकडी येते, कधी दुसऱ्याच काळातली छापतात.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं, एक साधा टॉर्च आणि नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च. मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो पण तो अक्षरांच्या कडा स्वतःच साफ करून दाखवतो, म्हणून भिंग हवंच.

ही ओळ आली कुठून ते आधी थोडक्यात. अमेरिकेने १८९० साली मॅकिन्ली टॅरिफ कायदा केला, त्यात बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव असलंच पाहिजे असं आलं. अमेरिकेत माल खपवायचा म्हटल्यावर स्विस लोकांना नाव टाकणं भागच पडलं, आणि पुढे हेच नाव दर्जाची खूण झालं. म्हणजे त्याच्या आधीच्या खिशातल्या घड्याळाच्या पांढऱ्या इनॅमल डायलवर स्विस नाही लिहिलेलं म्हणून ती नकली म्हणायची नाही, उलट तसल्या डायलवर 'स्विस मेड' ठसठशीत दिसलं तर मला शंका येईल. स्वित्झर्लंडने स्वतःचा नियम बराच नंतर, २३ डिसेंबर १९७१ ला केला, की मशीन स्विस हवं, ते केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, बसवणं आणि शेवटची तपासणी तिकडेच झालेली हवी. २०१७ पासून किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमधला हवा अशी अट आली. आणि 'स्विस मूव्हमेंट' असं तुटक लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ फक्त मशीन तिकडचं, घड्याळ दुसरीकडे जोडलेलं.

नुसतं 'स्विस' का 'स्विस मेड' यावरून खरं-खोटं ठरवणारे बरेच भेटतात. तसं ठरत नाही. १९३० च्या आणि १९५० च्या घड्याळांत दोन्ही सापडतात, एकाच कंपनीत पण सापडतात. फ्रान्सच्या बाजारासाठी गेलेल्या काही घड्याळांवर 'फाब सुईस' असतं, त्याला पण लोक नकली म्हणून टाकून देतात, ते फ्रेंच आहे एवढंच. 'जेनेव्ह' हा शब्द तर वेगळाच प्रकार. ओमेगा जेनेव्ह हे ओमेगाच्या एका मॉडेल मालिकेचं नाव आहे, कंपनी स्वित्झर्लंडच्याच बिएन शहरातली, त्यामुळे वर जेनेव्ह आणि खाली स्विस मेड असं दोन्ही असणं अगदी बरोबर.

आता खरी गंमत टी या अक्षरात आहे आणि इथे वेळ द्या.

आपल्याकडे अंधारात चमकेल त्या सगळ्याला रेडियम म्हणतात, गाडीच्या नंबरप्लेटवरच्या स्टिकरला पण. घड्याळात मात्र रेडियम म्हणजे खरोखरचं किरणोत्सारी रेडियम, झिंक सल्फाइडमध्ये कालवून काट्यांवर आणि आकड्यांवर लावलेलं. साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते चाललं आणि त्या काळातल्या डायलवर खाली नुसतं स्विस किंवा स्विस मेड असतं. मग त्याच्या जागी ट्रिटियम आलं, त्याचे किरण इतके कमजोर की काच ओलांडून बाहेर येत नाहीत. ते लावलंय हे कळावं म्हणून देशाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना टी छापायला लागले, टी स्विस टी किंवा टी स्विस मेड टी. काहींवर टी, पुढे 'पेक्षा कमी'चं चिन्ह आणि २५ असं असतं, म्हणजे किरणोत्सार २५ मिलिक्युरीपेक्षा कमी (मिलिक्युरी हे किरणोत्सार मोजायचं माप). ब्रिटिश लष्कराच्या घड्याळांवर डायलच्या मधल्या भागात गोलात टी असतो तो पण ट्रिटियमचाच. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने ल्युमिनोवा काढलं, त्यात किरणोत्सार अजिबात नाही, उजेड पिऊन घेतं आणि मग सोडतं, आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी स्विस कंपन्या तिकडे वळल्या. तेव्हा टी गेला. रोलेक्समध्ये तर १९९८-९९ च्या सुमारास थोडा काळ परत नुसतं 'स्विस' आलं आणि मग 'स्विस मेड'. म्हणजे बघा, नुसतं स्विस लिहिलेली रोलेक्स डायल १९५८ ची पण असू शकते आणि १९९८ ची पण, फरक चमकणाऱ्या रंगात.

तर घड्याळ हातात घेतल्यावर करायचं असं. आधी डायलवर किंवा काट्यांवर चमकणारा रंग आहे का बघा, मग खालची ओळ वाचा, आणि दोन्ही एकमेकांशी बोलतात का ते बघा. १९७२ चं घड्याळ, आकड्यांवर ठिपके आहेत, काट्यांत रंग भरलाय आणि खाली टी नाही, तर ती डायल बहुतेक नंतर रंगवलेली. उलटं पण होतं, खाली टी स्विस मेड टी आहे आणि अख्ख्या डायलवर, काट्यांवर रंगाचा ठिपका नाही, म्हणजे छापणाऱ्याने दुसऱ्या घड्याळाची ओळ उचलली, किंवा काटे कधीतरी बदलले, किंवा जुने ठिपके खरवडून काढले. आणि ज्या घड्याळावर चमकणारा रंग मुळातच नव्हता, आकड्यांच्या जागी साध्या सोनेरी काड्या असलेलं ड्रेस वॉच, त्याच्यावर १९७० मध्ये पण टी नसणार, ते बरोबरच आहे. १९६० ते ६४ च्या मधल्या घड्याळांबाबत मात्र सांभाळून बोला, तो बदलाचा काळ होता. रोलेक्सच्या १९६३-६४ च्या सुमाराच्या काही डायलवर एक छोटी आडवी रेघ दिसते आणि संग्राहक ती ट्रिटियमकडे जातानाची खूण मानतात. असल्या काळात एक अक्षर नाही म्हणून निकाल देऊ नका.

दुसरी परीक्षा अंधाराची. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, तेवढ्या काळात ते निम्मं होतं, म्हणजे १९७० च्या घड्याळात आता मूळच्या विसाव्या हिश्शाएवढंसुद्धा उरलेलं नाही. टॉर्च मारल्यावर ते क्षणभर उजळेल आणि लगेच विझेल, यूव्हीखाली थोडं जास्त दिसेल. खाली टी लिहिलंय आणि असलं जुनं घड्याळ रात्री दोन वाजता पण हिरवंगार चमकतंय तर रंग नवीन भरलाय, शंभर टक्के. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं, ते आजही तितकंच जिवंत आहे पण बरोबरचं झिंक सल्फाइड जळून गेल्यामुळे चमकत नाही, फक्त काटे वर्षानुवर्षं जिथे थांबले तिथे डायलवर तपकिरी सावली पडलेली दिसते. ती सावली पुसायची वस्तू नाही, ती पुरावा आहे. आणि गंभीरपणे सांगतो, १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचं चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ घरी उघडून खरवडू नका, त्याची धूळ पोटात किंवा छातीत जाता कामा नये. अमेरिकेत १९२० च्या दशकात डायल रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, त्यांचे जबडे झिजले, कित्येकींचे जीव गेले. मनगटावर घालणं वेगळं, उघडून हाताळणं वेगळं.

अजून दोन खुणा आहेत ज्या बघून लोक गोंधळतात. स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना छोटं ग्रीक सिग्मा असेल, गोल आणि त्याला वर उजवीकडे शेपटी, तर ती १९७० च्या दशकात सुरू झालेली खूण, अर्थ असा की डायलवरच्या काड्या आणि काटे खऱ्या सोन्याचे आहेत. पाटेक, व्हॅशेरॉन, रोलेक्स, आयडब्ल्यूसी यांच्यात दिसते. १९५५ च्या घड्याळावर सिग्मा दिसली तर डायल नंतरची. दुसरी खूण 'ओ एम', ओमेगाच्या काही महागड्या घड्याळांवर स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना असते. आपल्याकडे एकदोघांनी मला ते ओम आहे, भारतासाठी खास केलंय असं मनापासून सांगितलंय. ते फ्रेंच 'ओर मासिफ', म्हणजे भरीव सोनं, ती डायलच सोन्याची. त्यामुळे स्टीलच्या केसमध्ये साध्या पितळी डायलवर ओ एम दिसलं की सावध व्हा.

आता छपाईकडे. खरी फॅक्टरी डायल मऊ पॅडने छापलेली असते, अक्षर भिंगाखाली बघितलं तर कड सरळ, शाई किंचित उठलेली, आणि स्विसचे तिन्ही एस सारखे. बहुतेक डायलमध्ये सहाच्या खुणेच्या डावीकडे स्विस आणि उजवीकडे मेड, आणि ती ओळ काठाच्या गोलाईबरोबर वळते. रंगवलेल्या डायलमध्ये ओळ सरळ आडवी येते, किंवा काठापासून फार वर, किंवा डावा शब्द जवळ आणि उजवा लांब, किंवा सेकंदाच्या रेघांवर चढलेली. रेघा पण मोजा, पाच मिनिटांच्या मध्ये चारच रेघा हव्यात आणि दर पाचव्या मिनिटाची रेघ काडीच्या बरोबर मध्यात यायला हवी. काठावर तीन किंवा नऊच्या जागी बारीक खाच दिसली तर ती बऱ्याचदा रंगवणाऱ्याने डायल सरळ धरायला केलेली असते. काड्यांच्या मुळाशी रंग साचलाय का ते बघा, फॅक्टरीत डायल आधी रंगवून मग काड्या बसवतात, नंतर रंगवणारा बरेचदा काड्या न काढताच फवारा मारतो.

पण एक लक्षात घ्या, ओळ दिसत नाही म्हणजे ओळ नाही असं नाही. कित्येक घड्याळांत ती केसच्या आतल्या कड्याखाली अर्धी किंवा पूर्ण झाकली जाते. घड्याळ तिरकं धरून वरून टॉर्च मारा, अक्षरांची डोकी दिसतात. तरी नाही दिसली तर मशीन केसमधून बाहेर काढल्याशिवाय बोलू नका. डायलच्या मागे बघायला मिळालं तर सोन्याहून पिवळं, मागे डायल बनवणाऱ्याचा शिक्का असू शकतो, ला शो-द-फोंचे सिंगर, जिनिव्हाचे स्टर्न, सेंट इमिएचे फ्लुकिगर. स्टर्न घराणं डायलच करायचं आणि १९३२ साली त्यांनी पाटेक फिलिप कंपनीच घेतली. मागे डायलचे दोन पाय, म्हणजे ती मशीनवर बसवायच्या बारीक खुंट्या, शाबूत आहेत का ते पण बघा. पाय कापून दोन्हीकडून चिकटणारी टेप लावलेली असेल तर ती डायल दुसऱ्याच मशीनवरून आलीय.

जपानी घड्याळात ही ओळ जास्त बोलकी आहे. सेको डायलच्या तळाला जपान लिहून पुढे नंबर देतं. नंबरचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर, म्हणजे ६३०९ मशीनच्या डायलवर ६३०९ च हवं. पुढचे आकडे डायलचा कोड, ते मागच्या झाकणावरच्या केस नंबरशी जुळतीलच असं नाही. कितीतरी चांगल्या डायल लोकांनी न जुळणारा नंबर म्हणून नाकारलेल्या मी बघितल्यात आणि वाईट वाटतं. १९६०-७० च्या दशकांत सहाच्या वर सेकोच्या सुवा किंवा दायनी कारखान्याची छोटी खूण पण असायची. आणि 'वॉटर प्रूफ' का 'वॉटर रेझिस्ट' हे पण वाचा, साधारण १९७० च्या आसपास प्रूफ शब्द जाऊन रेझिस्ट आला, डायलवर एक आणि झाकणावर दुसरं असेल तर थोडा आगेमागे काळ चालतो, पाच-सात वर्षांचं अंतर पडलं तर नाही. आपल्या बाजारात जांभळ्या, पोपटी, शेंदरी सेको फाइव्ह दिसतात त्यांच्या खाली एकतर नंबरच नसतो किंवा तो इतका जाड असतो की भिंगाची गरजच पडत नाही.

रशियन घड्याळांवर खाली रशियन लिपीत 'सोव्हिएत संघात बनवलेलं' असतं, निर्यातीच्या मालावर तेच इंग्रजीत, आणि १९९१ नंतर रशियाचं नाव. सोव्हिएत काळातलं म्हणून विकतात आणि खाली रशिया लिहिलेलं असतं, एवढं वाचलं तरी पैसे वाचतात. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या घड्याळांत अजून बारीक भेद आहे, 'मेड इन इंग्लंड' म्हणजे चेल्टनहॅमचं चांगलं मशीन, 'ग्रेट ब्रिटन' म्हणजे वेल्सच्या कारखान्यातलं स्वस्त मशीन. झाकण उघडायच्या आधीच कळतं.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. फेवर ल्युबाची माणसं १८६५ साली मुंबईत आली, वेस्ट एंड वॉच कंपनीने भारतासाठी सोवार हे घड्याळ आणलं, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कपाटांत ही दोन नावं हमखास निघतात. आणि निघतात त्यातली बरीच रीडायल, म्हणजे डायल नंतर रंगवलेली. कारण साधं आहे. मुंबई-कोकणचा पावसाळा, घाम, रबराचं वॉशर वाळलेलं, दहा-पंधरा वर्षांत डायल काळवंडते. नवीन डायल स्वित्झर्लंडहून मागवायची तर आयातीवर बंधनं, मग घड्याळवाले गिऱ्हाईकाला विचारून डायल रंगवून द्यायचे आणि गिऱ्हाईक खूश असायचं. बाहेरचे संग्राहक आज असल्या सगळ्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि तो शब्द मला टोचतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात. मालकाचं घड्याळ चालू राहावं म्हणून डायल रंगवणं ही कारागिरी होती. दुसरी गोष्ट म्हणजे तुटक्या केस, एफएचएफ या स्विस कंपनीचं एसटी ९६ नंबरचं साधं मशीन आणि हाताला येईल ते नाव छापून, कधी लष्कराचा बाण, कधी रेल्वेचं इंजिन टाकून, जुनं अस्सल म्हणून विकणं. ती फसवणूक. डायल दोन्हीकडे रंगवलेलीच, पण एकीकडे विकणारा खरं सांगतो.

माझी पहिली सी किंग, फेवर ल्युबाचं एक मॉडेल, मी पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतली, काळी डायल, आरशासारखी. विकणारा म्हणाला आत्तापर्यंत कपाटात होती म्हणून नवी दिसते. तेव्हा मी खालच्या ओळीकडे बघितलंच नव्हतं. महिन्याभराने एका म्हाताऱ्या घड्याळवाल्या काकांकडे तेल-पाण्याला दिली तर त्यांनी भिंग लावलं, मला पण लावायला दिलं आणि एवढंच म्हणाले, मेडचा एम बघ आणि मग वरच्या नावाचा कुठलाही उभा दांडा बघ. खालचा एम वरच्या अक्षरांपेक्षा जाड होता. इतक्या बारीक ओळीत अक्षर वरच्यापेक्षा जाड कसं असेल? डायल काढली तर काठावर खाली मूळची चंदेरी डायल डोकावत होती. ती रात्र मी नीट झोपलो नाही. पण त्या दिवसापासून वरचं नाव मी सगळ्यात शेवटी वाचतो.

आजोबांची सोवार पण रीडायलच आहे आणि ती मी बदलणार नाही, ती आजोबांनीच रंगवून घेतली होती, ते घड्याळ तसंच त्यांच्या मनगटावर होतं. रीडायल म्हणजे भंगार असं मी कधीच म्हणत नाही. फक्त किंमत ओरिजिनलची देऊ नका आणि पुढे कोणाला दिलं तर सांगून द्या. कंपनीने स्वतः सर्व्हिसला बदललेली डायल हा मधला प्रकार, १९६८ चं घड्याळ आणि त्यावर टी नसलेली ल्युमिनोवाची डायल, ती शंभर टक्के कंपनीची असते पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेली नसते. विकणाऱ्याला विचारताना हा फरक सरळ विचारा, 'डायल ओरिजिनल आहे का' असं विचारलं तर तो हो म्हणेल आणि खोटं पण बोललेला नसेल. 'डायल कधी बदलली किंवा रंगवली आहे का' असं विचारा.

ऑनलाइन घेताना सहाच्या भागाचा जवळून, काचेवर उजेड न पडता काढलेला फोटो मागा, शक्यतो केस उघडून. त्याच मॉडेलचे, त्याच सालाचे निदान चार-पाच फोटो मोठ्या लिलावांच्या कॅटलॉगमधून शोधा आणि फक्त खालची ओळ शेजारी शेजारी ठेवून बघा, एसचं वळण, दोन शब्दांमधलं अंतर, काठापासूनची उंची. एकच फोटो घेऊ नका, तुलनेचा फोटोच रीडायलचा निघाला तर उलटा धडा शिकाल. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर मी सोडून देतो, कितीही मन गुंतलेलं असलं तरी.

आणि घरातलं जुनं घड्याळ सापडलं, डायल मळकी आहे, तर कापसाने, पाण्याने, थुंकीने, कशानेही पुसू नका, घड्याळवाल्याला पण झाकण उघडायच्या आधी बजावून सांगा. जुन्या डायलवरचं वार्निश सुटलेलं असतं आणि एका हाताच्या पुसण्यात काठावरची ती बारीक ओळ सगळ्यात आधी निघून जाते.